ओपलचे पाय

आमच्या धंद्यात सख्ख्या बहिणी शोधूनही सापडायच्या नाहीत. गावोगावच्या थिएटरांतून नाचत फिरायचे ते दिवस. 'अमक्या बहिणी', 'तमक्या बहिणी' अशा पाट्या जागोजागी असायच्या, आणि त्यातल्या निम्म्या जणींना एकमेकींचं खरं आडनावसुद्धा ठाऊक नसायचं. 'तीन मार्शबँक बहिणी' म्हणजे एक मावशी, तिची भाची आणि मॅनेजरची बायको. एखादी लग्न करून निघून गेली की सोमवारी दुसरी कुणीतरी तिच्या झग्यात, तिच्याच नावानं उभी. याला कुणी फसवणूक म्हणत नसे. लोकांना सारखे झगे आणि सारखे केस दिसले की पुरे असायचं.

आम्ही मात्र सख्ख्या होतो. व्हर्ना आणि ओपल टॉलिव्हर, इंडियानातल्या एका कोळशाच्या गावच्या. आई लोकांचे कपडे इस्त्री करायची. ओपल माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मी सहा वर्षांची असताना तिनं माझ्या जुन्या बुटांच्या तळाला सोड्याच्या बाटल्यांची झाकणं ठोकून दिली आणि स्वयंपाकघराच्या लाकडी जमिनीवर मला टॅप, म्हणजे बुटांनी ताल वाजवत नाचायला, शिकवलं. मला जे काही येतं ते तिनं दिलेलं आहे. हे मी आज सांगते. तेव्हा सांगितलं नाही, आणि ते का नाही सांगितलं, तेच आता सांगायला बसले आहे.

आमची एक खासियत होती. ताल मी सुरू करायचा, मध्येच सोडून द्यायचा आणि ओपलनं तो त्याच क्षणी उचलायचा. मग तिनं सोडायचा आणि मी उचलायचा. डोळे मिटून ऐकलं तर चार पायांची एकच बाई नाचतेय असं वाटावं. आम्ही एकमेकींकडे बघतही नसू.

बोलपट आले तशी थिएटरं ओस पडली. सदतीस साली आम्ही लॉस एंजेलिसला आलो आणि एका स्टुडिओत कॅमेऱ्यासमोर नाचून दाखवलं. दोन दिवसांनी मला एकटीलाच बोलावलं. ओपलचा डावा डोळा किंचित तिरळा आहे. रंगमंचावर ते दहाव्या रांगेतल्या माणसाला काय दिसणार? पण पडद्यावर चेहरा दहा फुटांचा होतो, आणि डोळा टोपलीएवढा.

"तुला घेतो," तिथला साहेब म्हणाला. "'टॉलिव्हर सिस्टर्स' हे नावही ठेवतो, चांगलं आहे. बहीण आम्ही शोधून देऊ."

मी तिथेच नाही म्हणू शकले असते. मी म्हटलं, "बहिणीला विचारून सांगते." विचारलं की ती हो म्हणणार हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर विचारायला गेले.

"मग वाट कसली बघतेस? सही करून ये," ओपल म्हणाली. ती तेव्हा मोजे धूत होती. "दोघींनी परत जाऊन आईला काय तोंड दाखवायचं? आणि माझा डोळा काही आता सरळ व्हायचा नाही."

जीव भांड्यात पडला माझा. तिच्यासमोरच.

स्टुडिओनं शोधलेली बहीण पेनसिल्व्हेनियाच्या एका खाणकामगाराची मुलगी होती. खरं नाव स्टासिया. तिची हनुवटी माझ्यासारखी होती, म्हणून निवडली. नाव ठेवलं डेल्फीन टॉलिव्हर. पोरगी गोड होती, कष्टाळू होती, तिच्याविषयी माझी काहीएक तक्रार नाही. नुसती फोटोत उभी राहिली तरी लोक बघत बसायचे.

ओपलनं एका ट्रक ड्रायव्हरशी लग्न केलं. तो वर्षभरानं निघून गेला, प्रूइट हे आडनाव तेवढं मागे राहिलं. ती बंकर हिलवर एका खानावळवजा घरात खोली घेऊन राहायची. रविवारी मी तिच्याकडे जायचे, डोक्याला रुमाल आणि गॉगल लावून. माझे चाहते मागे लागतात म्हणून, असं मी तिला सांगायचे. तेव्हा मला रस्त्यात कुत्रंही ओळखत नव्हतं.

मग आमचं पहिलं चित्र जरा बरं चाललं, आणि एका सिनेमासिकानं आमचे लहानपणचे, दौऱ्यावरचे फोटो मागितले. प्रसिद्धी खात्यातल्या मिस्टर लस्कनं ते टेबलावर पसरले. सगळ्या फोटोंत मी, आणि माझ्याशेजारी एक उंच, चकणी मुलगी.

"ही कोण म्हणून सांगायचं?" मी विचारलं.

लस्कनं पेन्सिल कानावरून काढली. "ही तिसरी बहीण. ओपल. वारली बिचारी. चौतीस साली, ओमाहात, न्यूमोनियानं. धाकटी डेल्फीन तेव्हा घरी होती, मग ती तिच्या जागी आली. छान जुळतंय."

"अहो मिस्टर लस्क, ती जिवंत आहे. परवा तिच्याकडे जेवले मी."

"जेवलीस ना? मग तिचं काय बिघडणार आहे? मी कुठे तिला खरंच मारतोय?"

मासिकाच्या बाई मुलाखतीला आल्या तेव्हा मी रडले. लस्कनं सांगितलं होतं म्हणून नुसते डोळे ओले करणार होते, पण सुरुवात केली आणि आवरेना. शेवटचे तिचे शब्द काय होते, असं बाईंनी विचारलं. मी म्हटलं, "ती म्हणाली, ताल सोडू नकोस." त्या बाईसुद्धा रडल्या. पुढे महिनाभर टपालानं काळ्या कडांची सांत्वनाची कार्डं येत होती. नेब्रास्काच्या एका आजींनी क्रोशाचा क्रूस विणून पाठवला. तो माझ्या आरशाला लावून फोटो काढला, तोही छापून आला.

ओपलनं ते मासिक केस कापायच्या दुकानात वाचलं. पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा ती बटाटे सोलत होती.

"ओमाहाच का गं?" ती म्हणाली. "ओमाहात तर आपल्याला बरं वागवलं होतं. मारायचंच होतं तर टोपेकात मारायचं. त्या थिएटरात उंदीर होते."

आणि हसली. मीही हसले. दोघी हसलो म्हणजे विषय मिटला, असं मी सोयीनं धरून चालले.

हे सगळं आधीचं. खरी गोष्ट त्रेचाळीस सालची आहे.

युद्ध चालू होतं. ओपल बर्बँकला विमानांच्या कारखान्यात लागली होती, विमानांच्या पंखांना रिव्हेट मारायच्या कामावर. आमचं तेव्हा मोठं चित्र होतं: दोन बहिणी, एक थिएटर, शेवटी पांढऱ्या जिन्यावर नऊ मिनिटांचा नाच. त्या जिन्यावर आमची जुनी तालाची देवघेव घालायची असं मीच सुचवलं होतं. शहाणपणा माझा.

नाचाचं चित्रण होतं तेव्हा गाणं भोंग्यावर मोठ्यानं वाजत असतं. बुटांच्या तळाला ठोकलेल्या पत्र्यांचा आवाज त्यात येत नाही, आला तरी वापरता येत नाही. म्हणून नंतर एका बंद खोलीत, लाकडी फळ्यांच्या चौथऱ्यावर उभं राहायचं, समोर पडद्यावर आपलाच नाच बघायचा आणि हेडफोन लावून तेच पाय पुन्हा वाजवायचे. ओठांइतकेच पायही जुळावे लागतात. डेल्फीन दिसायला परी होती, पण तिचे पाय केसभर मागे पडायचे. जिन्यावर ते कुणाच्या लक्षात आलं नाही. खोलीत नुसता आवाज उरला तेव्हा लक्षात आलं.

तीन दिवस झाले. फ्लॉइड म्हणून आमचा म्हातारा ध्वनिमुद्रक होता, तो काचेमागून हात जोडायचा. "पोरी, पुन्हा." डेल्फीन रडकुंडीला आली. मग मी दोघींचे पाय एकटीनं वाजवून पाहिले, वेगवेगळे, एकावर एक. फ्लॉइडनं ऐकलं आणि मान हलवली. "एक बाई जिन्यावर पळतेय असं वाटतं. दुसरी आहे कुठे?"

त्या वेळी मी म्हटलं, "माझ्या ओळखीची एक बाई आहे. दौऱ्यावर आमच्याबरोबर कोरसमध्ये होती."

त्याच संध्याकाळी ओपलला विचारलं. तिनं डबा खाली ठेवला. "खरंच? खोलीत नाचायचं? कॅमेरा नाही ना?"

"कॅमेरा नाही. फक्त पाय."

"मग तर झालंच. पायांना तिरळेपण नाही." मग तिनं विचारलं, "मी कोण म्हणून यायचं?"

"मिसेस प्रूइट. कोरसमधली."

"बरं," ती म्हणाली. "मेल्यावर लग्न झालं म्हणायचं माझं."

शनिवारी आली ती स्वच्छ धुतलेल्या कामाच्या पॅंटमध्ये, बूट वर्तमानपत्रात गुंडाळून. तेच जुने बूट. त्यांना तिनं नव्या पत्र्या ठोकल्या होत्या, कारखान्यातल्याच टाकाऊ तुकड्यांतून कापून. फ्लॉइडनं त्यांच्याकडे पाहून भुवई उडवली, ओपल म्हणाली, "विमानाचंच आहे साहेब. उडाले तर दोष देऊ नका."

दिवे गेले. पडद्यावर मी आणि डेल्फीन पांढऱ्या जिन्यावरून उतरायला लागलो. मी ताल सुरू केला, सोडला, आणि ओपलनं तो उचलला.

सहा वर्षांनी. मला हुंदका आला, पण पाय थांबले नाहीत. तिनं थांबूच दिले नाहीत. पहिल्याच फेरीत झालं. मग फ्लॉइडनं खात्रीसाठी दुसरी घेतली, आणि मला वाटतं तिसरी त्यानं नुसती स्वतःच्या मजेसाठी घेतली. दिवे लागले तेव्हा ओपल घामानं निथळत होती आणि तिचा चेहरा असा उजळला होता की ती मला आमच्या स्वयंपाकघरातली आठ वर्षांची मुलगी दिसली.

फ्लॉइड काचेमागून बाहेर आला. "पंधरा वर्षं पाय ऐकतोय मी," तो म्हणाला. "तुम्ही दोघी एकाच जमिनीवर शिकलात."

"गुरू एकच होता," मी घाईनं म्हटलं.

ओपल माझ्याकडे न बघता बुटाची नाडी सोडत होती.

डेल्फीन कोपऱ्यात बसून ऐकत होती. ती धावत आली आणि तिनं ओपलला मिठीच मारली. "मिसेस प्रूइट, तुम्ही मला वाचवलंत हो! काय पाय आहेत! व्हर्नाची ती वारलेली बहीण अशीच नाचायची म्हणे. तुम्ही दौऱ्यावर होतात ना, तुम्ही पाहिलंय का तिला?"

डेल्फीनलाही लस्कनं ओमाहाच सांगितलं होतं. तिला खोटं बोलता यायचं नाही, म्हणून तिला कुणी खरं सांगितलंच नव्हतं.

"पाहिलंय ना," ओपल म्हणाली.

"कशी होती?"

खोलीत चौघंच होतो. मी एक वाक्य बोलायचं होतं. माझा करार दर सहा महिन्यांनी चालू ठेवायचा की नाही ते स्टुडिओ ठरवायचा, आणि त्याला तीन आठवडे राहिले होते. मी मूग गिळून उभी राहिले.

"चांगली होती," ओपल म्हणाली. "जरा चकणी होती. बहिणीवर जीव होता तिचा."

डेल्फीनचे डोळे भरून आले. मी पाणी प्यायला बाहेर गेले आणि नळापाशी उगीचच उभी राहिले.

मी ओपलला फाटकापर्यंत सोडायला गेले. बूट पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळलेले.

"व्हर्ना, एक विचारू? नाही म्हणालीस तरी राग नाही."

"विचार की."

"चित्र लागलं की कारखान्यातल्या बायका बघायला जाणारच. त्यांना मी सांगितलं तर चालेल? की ते पाय माझे आहेत म्हणून? नाव नको, चेहरा नको. फक्त पाय."

आमच्या आयुष्यात तिनं माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

"सांग की," मी म्हटलं. "खुशाल सांग. तुझेच आहेत."

ती इतकी खूश झाली की वळून दोनदा हात हलवला. माझ्या मनात मात्र आलं होतं, सांगितलं तरी विश्वास कोण ठेवणार? तेव्हा तेही मी मनाशी नीट कबूल केलं नाही.

चित्र जोरात चाललं. जिन्यावरच्या नाचाला लोक थिएटरात टाळ्या वाजवायचे. माझा करार पुढे चालू झाला, लस्कनं मला फुलं पाठवली. दोन आठवड्यांनी त्यानं मला खोलीत बोलावून एक पत्र पुढे सरकवलं. बर्बँकहून, रेघांच्या कागदावर, ठळक अक्षरात.

'प्रिय मिस टॉलिव्हर, आमच्या पाळीत ओपल प्रूइट म्हणून एक बाई आहे. ती म्हणते शेवटच्या नाचात तुमच्या बहिणीचे पाय खरं म्हणजे तिचे आहेत. आम्ही तिची फार थट्टा केली तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, की तीच तुमची खरी बहीण आहे. ती एरवी खोटं बोलणारी नाही, म्हणून आम्ही गोंधळलोय. निम्म्या जणी म्हणतात खरं, निम्म्या म्हणतात खोटं. पैज लागलीय, हरणाऱ्यांनी सगळ्यांना केक करून घालायचा. तुम्ही दोन ओळी लिहिल्यात तर निकाल लागेल. तुमची, गोल्डी हॅवरकँप. ता. क. मी तिच्या बाजूनं आहे.'

"बहीण म्हणून सांगायचं नव्हतं तिनं," मी म्हटलं. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे.

"मग? याला उत्तर द्यावं लागणार," लस्क म्हणाला. "नाही दिलं तर ही बाई वर्तमानपत्राला लिहील. मग ते डेल्फीनचं नाव खोदणार, तुझं खोदणार, आणि तू मासिकात रडलीस ते? लोकांनी क्रूस विणून पाठवलेत, बाई! मेलेल्या बहिणीचं खोटं लोक माफ करत नाहीत." त्यानं टंकलेला कागद पुढे ठेवला. तो आधीच तयार होता.

'प्रिय मिस हॅवरकँप, तुमच्या पत्राबद्दल आभार. माझी लाडकी बहीण ओपल चौतीस साली देवाघरी गेली. तिच्या नावावर कुणी असं बोललं की मला आणि डेल्फीनला किती यातना होतात याची तुम्हाला कल्पना असेल. त्या बाईंना मी क्षमा केली आहे. तुमची, देशासाठी राबणाऱ्या भगिनींची ऋणी.'

"नुसतं 'काही सांगता येत नाही' असं लिहू या ना," मी म्हटलं.

"तसं लिहिलं म्हणजे हो म्हटल्यासारखंच झालं. सही कर. बसलीय ती कारखान्यात, तिला कोण फासावर देतंय?"

मी 'क्षमा केली' वर बोट ठेवलं. "हे तरी काढा."

"तेच तर छान आहे," लस्क म्हणाला.

कुणी माझा हात धरला नव्हता. दार उघडं होतं. मी टॉलिव्हरमधल्या टी ला मोठा वेलांटीदार फाटा काढून सही केली, आणि शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकरही घातली.

त्या रविवारी मी ओपलकडे गेले नाही. सर्दी झाल्याचा निरोप दिला. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या आठवड्यात गोल्डीचं दुसरं पत्र आलं. लस्कच्या हाती लागण्याआधी स्टुडिओच्या टपालखात्यातल्या मुलीनं थेट माझ्याकडे आणून दिलं.

'तुमच्या पत्राबद्दल आभार. जेवणाच्या सुट्टीत मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. ओपल तिथेच होती. ती डबा खात राहिली. मी तिच्या बाजूनं होते म्हणून माझीच फजिती झाली. पैज हरल्याचा केक मी करणार होते, पण तिनं करू दिला नाही, म्हणाली माझ्यामुळे झालंय. चाळीस जणींपुरता केला. रेशनची महिन्याची साखर गेली असेल तिची. छान झाला होता. तुमचं पत्र हजेरीच्या घड्याळाशेजारी लावलंय. आता तिला कुणी काही म्हणत नाही, तुम्ही क्षमा केलीय म्हटल्यावर.'

मी हे पत्र उभ्यानं वाचलं आणि मग पुन्हा बसून वाचलं. लाज वाटली हा शब्द मी कितीतरी वेळा वापरला होता: मोजा फाटला, पाऊल चुकलं, कुणासमोर शिंक आली. ती लाज नव्हे हे मला तेव्हा कळलं. ओपलनं कपात साखर मोजताना मला काय म्हटलं असेल? मला पक्कं ठाऊक आहे. काहीच म्हटलं नसेल.

दुसऱ्या दिवशी मी चित्रणाला दांडी मारली आणि बर्बँकला गेले. रुमाल नाही, गॉगल नाही. लाल हॅट घातली, मुद्दाम. सगळ्यांसमोर सांगायचं असं ठरवलं होतं. करार गेला तर जाऊ दे, लस्कनं डोकं आपटून घेतलं तरी चालेल.

बाराचा भोंगा झाला. बायका डबे घेऊन फाटकाबाहेरच्या बाकांवर आल्या. एकीनं मला पाहिलं आणि किंकाळी फोडली. क्षणात पन्नास जणी भोवती. "व्हर्ना टॉलिव्हर! अगं बाई, खरंच तीच!" हातात हात, सहीसाठी पुढे केलेली डब्यांची झाकणं, कागद, पेन्सिली. मी सह्या करत ओपलला शोधत होते. ती शेवटच्या बाकावर होती, केसांना निळा फडका, मांडीवर सँडविच. एकटीच बसली होती.

"ऐका," मी ओरडले. "मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. ती तिकडे बसलीय ना, ओपल, ती माझी बहीण आहे. सख्खी. जिन्यावरच्या नाचात ते पाय तिचेच आहेत. ते पत्र खोटं आहे, मी सही केली होती, मला—"

डबे, पेन्सिली हातातच राहिल्या. मला वाटलं, झालं, सुटले.

मग एक जाडजूड, गोऱ्या केसांची बाई पुढे आली. तिचे डोळे पाण्यानं भरले होते. "मी गोल्डी," ती म्हणाली, आणि मागे वळून ओरडली, "बघितलंस, ओपल? किती मोठं मन आहे बाईंचं! तुझी फजिती झाली म्हणून स्वतः इथवर आल्या. तुझी लाज राखायला चक्क स्वतःवर घेतलंय त्यांनी!"

"नाही हो, खरंच—" मी म्हटलं.

"असू दे, असू दे, आम्हाला कळतं," एक म्हातारी माझा हात थोपटत म्हणाली. "देवमाणूस आहात."

त्या टाळ्या वाजवायला लागल्या. मी जितकं सांगत होते तितक्या त्या जास्त जोरानं वाजवत होत्या. दोघीतिघी रडत होत्या. मी शपथ घेतली, आईची घेतली. कुणीतरी म्हणालं, "पडद्यावर आहे तशीच आहे गं, बोलायलासुद्धा." मी सहा वर्षं लोकांसमोर खरं वाटेल असं खोटं बोलत आले होते, आणि आता खरं बोलायचं तर दुसरा आवाजच नव्हता माझ्याकडे.

"ओपल, तू सांग!" मी ओरडले. "सांग ना यांना!"

ती उठली. सँडविचचा कागद तिनं नीट झटकला, घडी घातली. बायकांनी तिला वाट दिली. ती माझ्यासमोर आली तेव्हा मला वाटलं, ही आता माझ्या थोबाडीत मारेल, आणि मारावीच असं मला मनापासून वाटलं.

तिनं तो कागद पुढे केला. गोल्डीच्या कानामागची पेन्सिल काढून त्यावर ठेवली.

"सही देता का, मिस टॉलिव्हर?"

"ओपल, असं करू नकोस गं," मी हळूच म्हटलं.

"अहो, सगळ्यांना दिलीत. मलाही द्या." तिचा आवाज शांत होता, राग नव्हता त्यात. "पाच मिनिटांत भोंगा होईल. आमचे पैसे कापतात उशीर झाला तर."

पन्नास जणी बघत होत्या. सही हाताला पाठ होती.

"काय लिहू?" मी विचारलं.

"'ओपलला' एवढंच लिहा."

मी लिहिलं. खाली माझं पूर्ण नाव, टी ला मोठा फाटा. तिनं ते वाचलं, कागदावरचा ब्रेडचा चुरा बोटानं काढला आणि घडी करून वरच्या खिशात ठेवला.

"आभारी आहे," ती म्हणाली, आणि इतर बायकांबरोबर आत गेली.